‘अतिउत्पादन’ कुठं लिहायचं आणि कुठं नाही

मार्केट यार्डाकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं टायपिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि बाहेर एक बाकडं. अर्ज, बँकेला पत्रं, प्रेसनोट, कारखान्यात लावायचे बोर्ड, आणि हल्ली इंग्रजी कागद मराठीत करून द्यायचं काम जास्त येतं. सोलापुरात दुकान असल्यावर काय येणार, तर कांदा, ऊस, चादर आणि टॉवेल, त्यामुळं ‘अतिउत्पादन’ हा शब्द आठवड्यातनं दोन-तीनदा तरी बोटाखालनं जातोच. आणि निम्म्या वेळा तो चुकीच्या जागी असतो. काही वेळा मीच टाकलेला असतो, त्यातला एक किस्सा पुढं सांगतो, तो चांगला महागात पडलेला आहे.

आधी अर्थ. जेवढा खप आहे त्यापेक्षा जास्त माल तयार होणं म्हणजे अतिउत्पादन. एवढंच. पण लोक यातला पहिला अर्धा भाग विसरतात आणि ‘लय माल तयार झाला’ म्हणजे अतिउत्पादन असं धरून चालतात. तसं नाही. एकरी दोनशे क्विंटल कांदा निघाला आणि सगळा चांगल्या भावानं गेला तर ते अतिउत्पादन नव्हे, ते नशीब. आणि एकरी साठ क्विंटलच निघाला पण त्यालाही गिऱ्हाईक नाही, तर त्याला अतिउत्पादन म्हणता येईल, म्हणजे कागदावर तरी. हा शब्द ढीग किती मोठा ते सांगत नाही, ढीग आणि गिऱ्हाईक यांच्यात किती फरक आहे ते सांगतो.

हे नीट समजायचं असेल तर ‘अतिवृष्टी’ शेजारी ठेवून बघा. दोन्हीत ‘अति’ आहे, पण अतिवृष्टीला सरकारनं रेघ मारून दिलेली आहे: महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला की अतिवृष्टी, मग पंचनामे, मग भरपाईचे अर्ज (तेही आमच्याकडंच टाइप होतात). अतिउत्पादनाला अशी रेघ कुठंच नाही. किती टनाच्या वर गेलं की अति, हे कुणी ठरवून दिलेलं नाही, कारण ठरवता येतच नाही, खप रोज बदलतो. म्हणून हा शब्द लिहिला की लगेच पुढच्या वाक्यात ‘कशापेक्षा’ ते आलं पाहिजे. ‘यंदा टॉवेलचं अतिउत्पादन झालं’ हे वाक्य लंगडं आहे. ‘यंदा ऑर्डरी निम्म्यावर आल्या आणि माग मात्र दोन्ही पाळ्यांत चालू राहिले, त्यामुळं टॉवेलचं अतिउत्पादन झालं’ हे वाक्य दोन पायावर उभं आहे.

लिहायचं कसं ते उरकून घेऊ. एक शब्द, जोडून, ‘ति’ ऱ्हस्व: अतिउत्पादन. ‘अती उत्पादन’ नको, ‘अति उत्पादन’ असं तोडूनही नको. अतिवृष्टी, अतिक्रमण, अतिसार, अतिरेक यातलं काही आपण तोडून लिहितो का, नाही, मग यालाच का तोडायचं. मोबाईलवरचा कीबोर्ड हमखास तोडतो, त्याच्याकडं लक्ष ठेवा.

आता कुणीतरी निवृत्त गुरुजी येऊन म्हणणारच की संधीच्या नियमानं ‘अत्युत्पादन’ व्हायला पाहिजे. माझ्या बाकड्यावर बसून एकांनी हे सांगितलेलं आहे आणि ते बरोबरच होते, अति अधिक उत्तम अत्युत्तम, अति अधिक आवश्यक अत्यावश्यक, तर मग अति अधिक उत्पादन अत्युत्पादन. नियम चोख. पण वाचणाऱ्याला पहिल्यांदा ‘अत्याचार’ आठवतो आणि मग तो अडखळतो. महापारेषणचे बोर्ड बघा, तिथं ‘अतिउच्चदाब’ लिहिलेलं असतं, अत्युच्चदाब नाही, आणि कुणाचं काही अडलेलं नाही. गुरुजींना मी चहा पाजला आणि ‘अतिउत्पादन’च ठेवलं.

शब्द नपुंसकलिंगी, म्हणून अतिउत्पादन ‘झालं’, अतिउत्पादना‘मुळे’, अतिउत्पादना‘चा’ फटका. अनेकवचन करू नका. ‘गोदामात अतिउत्पादने पडून आहेत’ असं एका प्रेसनोटमध्ये आलं होतं, मी थांबलोच, कारण अतिउत्पादन ही स्थिती आहे, वस्तू नाही. वस्तू म्हणजे माल, तो पडून असतो. तसंच ‘अतिउत्पादित माल’ असलं काही नको, ‘जादा झालेला माल’ म्हणा. ‘अतिउत्पादक’ तर बिलकूल नको, कारण उत्पादक म्हणजे माल करणारा पण आणि फलदायी पण, मग ‘अतिउत्पादक शेतकरी’ वाचून लोक त्याचा सत्कार करायला जातील.

आता तो किस्सा. माझ्या मामाचे आठ माग आहेत, टॉवेल काढतो. काही वर्षांपूर्वी परराज्यातल्या एका व्यापाऱ्यानं मोठी ऑर्डर दिली, मामानं सूत उधारीवर उचललं, दोन पाळ्या लावल्या, माल तयार केला आणि व्यापाऱ्यानं निम्मा उचलून हात वर केले. चारशे डझन टॉवेल घरात. घरात म्हणजे खरंच घरात, गोडाऊन भरल्यावर उरलेले गठ्ठे माजघरात लावले, दिवाणाखाली लावले, मामी त्या गठ्ठ्यावर बसून भाजी निवडायची आणि घरात आलेल्या प्रत्येक पोराला जाताना एक टॉवेल मिळायचा. बँकेचा हप्ता थकला. मामा दुकानात आला, म्हणाला बँकेला एक चांगलं पत्र लिही, हप्ता तीन महिने पुढं ढकलून द्या म्हणून, जरा भारी शब्द टाक.

मी भारी शब्द टाकला. ‘आमच्याकडे मालाचे अतिउत्पादन झाल्याने आम्ही हप्ता भरण्यास असमर्थ आहोत.’ वाचायला काय झकास वाटत होतं. आठ दिवसांनी मामाला बोलावून साहेबानं ते पत्र समोर ठेवलं आणि विचारलं, तुम्हाला अतिउत्पादन करायला कुणी सांगितलं होतं? कर्ज दिलं ते काय वाट्टेल तेवढा माल काढायला दिलं होतं का? फाईलवर शेरा मारला, उत्पादनाचे नियोजन नाही. मुदतवाढ काही मिळाली नाही. मामा परत आला आणि मला फक्त एवढंच म्हणाला, “काय लिहून ठेवलास बे.”

यात साहेबाचं तसं काही चुकलं नव्हतं, त्यानं शब्द वाचला आणि शब्दाचा अर्थ लावला. अतिउत्पादन हा शब्द बोट कुणाकडं दाखवतो, तर माल करणाऱ्याकडं. त्यात ‘तू जास्त केलंस’ हे आपोआप येतं, पुढं कितीही ‘झाल्याने’ जोडलं तरी. मामानं जास्त काही केलेलं नव्हतं, ऑर्डर होती तेवढाच माल केला होता, गिऱ्हाईक मागं फिरलं होतं. तिथं खरं वाक्य असं पाहिजे होतं: ‘निश्चित ऑर्डरीनुसार माल तयार केला, परंतु खरेदीदाराने निम्मा माल न उचलल्याने तयार माल शिल्लक राहिला आहे.’ लांब आहे, भारी नाही, पण खरं आहे. तेव्हापासनं माझा नियम असा की अर्जदार स्वतःबद्दल लिहीत असेल तर अतिउत्पादन शब्द काढायचा आणि काय झालं ते सरळ सांगायचं: मागणी घटली, उठाव नाही, ऑर्डर रद्द झाली, निर्यात बंद झाली, माल पडून आहे. ‘उठाव नाही’ हे तर आपल्याकडं चादरीच्या पेठेतलं पोरसुद्धा बोलतं आणि तीन अक्षरी-दोन अक्षरी शब्दांत सगळी गोष्ट येऊन जाते. गठ्ठे हळूहळू गेले म्हणा, काही लग्नाच्या आहेरात, काही पडेल त्या भावानं.

कांद्याकडं येऊ, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथं होतो. डिसेंबर-जानेवारीत इथं सिद्धेश्वर बाजार समितीत शेकडो गाड्या येतात, रात्रभर रांगा, कधीकधी तर आधीचा माल हलेपर्यंत लिलाव बंद ठेवावे लागतात. त्या दिवशी भाव पडतो आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी प्रेसनोट घेऊन येतो, ‘कांद्याच्या अतिउत्पादनामुळे दर कोसळले’. मी विचारतो, उत्पादन की आवक? आवक म्हणजे त्या दिवशी त्या मार्केटात आलेला माल. इथं येणारा कांदा काही सगळा सोलापूर जिल्ह्याचा नसतो, धाराशिवकडनं येतो, पलीकडं विजयपूर-कलबुर्गीकडनं येतो. आणि हा खरिपाचा लाल कांदा, याला टिकवण नाही, उन्हाळी कांद्यासारखा कांदाचाळीत घालून पाच-सहा महिने ठेवता येत नाही, काढला की आठ-पंधरा दिवसांत विकायलाच लागतो. सगळ्यांचा एकदम निघतो, सगळे एकदम आणतात. वर्षाचं उत्पादन बेताचंच असलं तरी त्या पंधरवड्यात मार्केट तुंबतं. याला ‘आवक एकदम वाढली’ म्हणायचं, अतिउत्पादन नाही. गटारीचं पाणी तुंबलं म्हणून गावात पूर आला असं आपण म्हणत नाही ना.

फेब्रुवारी २०२३ मधली गोष्ट सगळ्यांना माहितीय, बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरला ५१२ किलो कांदा आणला, किलोला १ रुपया भाव लागला, मोटारभाडं, हमाली, तोलाई असलं सगळं वजा जाता २ रुपये ४९ पैसे राहिले आणि हातात २ रुपयांचा चेक आला. ती हिशेबाची पट्टी देशभर फिरली. त्यावर लिहिताना कितीतरी जणांनी एका शब्दात ‘अतिउत्पादन’ लिहून विषय संपवला. आता ५१२ किलो म्हणजे किती, दहा गोण्या. दहा गोण्यावाल्या माणसाला तुम्ही अतिउत्पादन केलंत म्हणणं हे मामाच्या पत्रासारखंच झालं. सगळ्या राज्याचा हिशेब मांडताना शब्द कदाचित चालेल, एका माणसाच्या पट्टीवर तो चालत नाही.

आणि भाव पडला म्हणजे उत्पादन वाढलंच असणार हा तर शुद्ध अंदाज झाला. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली, ४ मे २०२४ ला उघडली. बंदी आली तसे भाव धाडकन खाली आले. त्या हंगामात देशाचं कांद्याचं उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा कमी होतं, वाढलेलं नव्हतं. माल कमी आणि भावही कमी, कारण दार लावलं होतं. तिथं कुणी अतिउत्पादन लिहिलं तर ते नुसतं चुकीचं नाही, दार कुणी लावलं ते त्यात झाकून जातं.

मग खरोखर अतिउत्पादन कधी म्हणायचं? तुरीचं २०१६-१७ साल घ्या. आदल्या वर्षी दुष्काळ, डाळ महागलेली, म्हणून सगळ्यांनी तूर पेरली, पाऊसही चांगला झाला, आणि देशाचं उत्पादन आदल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट झालं. वर आयात चालूच. हमीभाव बोनस धरून क्विंटलला ५०५० रुपये, बाजारात त्याच्या खाली, खरेदी केंद्रावर बारदाना संपलेला आणि लोक ट्रॅक्टर लावून रांगेत. तिथं उत्पादनच खपाच्या पुढं गेलं होतं, शब्द बसतो. तरी ‘आणि आयात’ हे दोन शब्द जोडायला विसरू नका. बाहेरचं उदाहरण पाहिजे असेल तर ब्राझीलची कॉफी, १९२९ च्या मंदीनंतर भाव टिकवायला म्हणून तिथल्या सरकारनं १९३१ ते १९४४ मध्ये जवळपास ७ कोटी ८० लाख पोती कॉफी जाळून, समुद्रात टाकून नष्ट केली. याला अतिउत्पादन म्हणायला कुणी हरकत घेणार नाही.

उसाचं गणित वेगळं आहे कारण उसाला आपल्याकडं आधीच शब्द ठरलेला आहे, ‘अतिरिक्त ऊस’. सोलापूर जिल्ह्यात तीसच्या वर कारखाने, तरी २०२१-२२ च्या हंगामात राज्यात ऊस संपता संपेना, जून उजाडला तरी फडात ऊस उभा, सरकारला लांबच्या वाहतुकीला आणि साखरेच्या घटलेल्या उताऱ्याला अनुदान द्यावं लागलं. त्या काळात मी टाइप केलेल्या प्रत्येक निवेदनात ‘अतिरिक्त ऊस’ होता, ‘उसाचे अतिउत्पादन’ एकातही नव्हतं, आणि ते बरोबरच आहे. ऊस जास्त झाला हा मुद्दाच नव्हता, कारखान्याच्या गाळपापेक्षा जास्त उभा आहे हा मुद्दा होता. आडसाली लावलेली असेल तर दीड वर्षापूर्वीची लागण, तेव्हा कुणाला काय माहीत.

पण ‘अतिरिक्त’ पण जरा जपून, याला दोन तोंडं आहेत. अतिरिक्त ऊस, अतिरिक्त शिक्षक म्हणजे नको असलेले, जास्त झालेले. अतिरिक्त जिल्हाधिकारी म्हणजे मात्र जास्त झालेला जिल्हाधिकारी नव्हे, तो चांगला कामाचा माणूस आहे, त्याच्या ऑफिसात अर्ज घेऊन जायचं असतं. तर ‘अतिरिक्त उत्पादन घेतले’ असं लिहिलं तर ते ‘आणखी थोडं पीक काढलं’ असंही वाचता येतं (आंतरपीक वगैरे) आणि ‘गरजेपेक्षा जास्त काढलं’ असंही. घोळ नको असेल तर पहिल्यासाठी ‘वाढीव’ किंवा ‘जोड उत्पादन’ वापरा आणि दुसऱ्यासाठी ‘जादा’. ‘जादा’ हा फार सरळ शब्द आहे, एसटीच्या जादा गाड्यांसारखा, त्यात कौतुक नाही आणि शिवीही नाही.

कौतुक करायचं असेल तर विक्रमी, भरघोस, उदंड, बंपर. एक गंमत मी बऱ्याच वर्षांपासनं बघतोय, पीक शेतात उभं असतं तेव्हा ते ‘विक्रमी उत्पादन’ असतं, त्याचे फोटो निघतात, आणि तेच मार्केटला आलं की दीड महिन्यात ‘अतिउत्पादन’ होतं. कांदा तोच. मधे फक्त तो ट्रॉलीत चढलेला असतो. त्यामुळं जुनी बातमी काढून तीच पुढं चालवत असाल तर हा शब्दबदल तुम्ही मुद्दाम करताय की हाताच्या सवयीनं ते बघा.

आणि उत्पादन-उत्पन्न. इथं मी हात टेकलेत. उत्पादन म्हणजे माल, उत्पन्न म्हणजे त्याचे आलेले पैसे, असं शाळेत शिकलो. पण शेतकरी सर्रास ‘एकरी सत्तर टन उत्पन्न काढलं’ म्हणतो, आणि त्याला चूक कसं म्हणायचं, समितीचं नावच ‘कृषी उत्पन्न बाजार समिती’ आहे, तिथं उत्पन्न म्हणजे पिकलेला मालच. बोलताना काही फरक पडत नाही. पण अतिउत्पादनाच्या जागी कुणी ‘अतिउत्पन्न’ लिहिलं (लिहितात!) तर अर्थ पार उलटा होतो. भाव नाही म्हणून रडणारा माणूस अर्जात लिहितोय की माझं उत्पन्न अति झालंय. असा अर्ज मी दोनदा वेळेवर पकडलाय, तिसरा सुटून गेला असेल तर देव जाणे.

आता इंग्रजीवरनं मराठी करणाऱ्यांसाठी. तिकडं या शब्दाचं क्रियापद, ‘ओव्हरप्रोड्यूस’, रोजच्या वापरात आहे, आपल्याकडं नाही. ‘कंपनीने अतिउत्पादन केले’ हे व्याकरणात बसतं पण बोलताना कुणी म्हणत नाही, म्हणतात ‘लय माल काढून ठेवला’, ‘खपापेक्षा जास्त माल केला’. औषधाच्या कागदात तर हे फार होतं. ‘शरीर आम्लाचे अतिउत्पादन करते’ असं मशीन करून देतं, जसं काय शरीर म्हणजे एमआयडीसीतलं युनिट आहे. आपण म्हणतो ‘पोटात आम्ल जास्त तयार होतं’. थायरॉईडचं पत्रक आलं होतं, तिथं मी ‘थायरॉईड ग्रंथीतून हार्मोन प्रमाणाबाहेर तयार होतो’ केलं, डॉक्टरांनी एक अक्षर बदललं नाही. शरीराच्या बाबतीत करणारा कुणी नसतो, आपोआप होतं, म्हणून ‘करते’ नको, ‘होतं’ घ्या. ‘प्रमाणाबाहेर’ हा शब्द लक्षात ठेवा, दहातल्या सात ठिकाणी तो अतिउत्पादनाचं काम करून जातो.

गाण्याबद्दल, सिनेमाबद्दल इंग्रजीत हाच शब्द (‘ओव्हरप्रोड्यूस्ड’) येतो तेव्हा तर अतिउत्पादन बिलकूल लावू नका. तिथं अर्थ असा असतो की गाण्यावर इतके थर चढवलेत, इतकं घासूनपुसून चकाचक केलंय की मूळ आवाज गेला. मराठीत सरळ ‘नको तेवढं नटवलंय’. एका पोरानं कॉलेजच्या अंकासाठी ‘हे गाणे अतिउत्पादित वाटते’ असं लिहून आणलं होतं, मला वाटलं गाण्याचे कॅसेट जास्त छापलेत.

एकच जागा अशी आहे जिथं हा शब्द अगदी हक्काचा आहे, ती म्हणजे कारखान्याची भाषा. टोयोटाच्या तायची ओहनो यांनी कारखान्यातला वाया जाणारा प्रकार सात भागांत मांडला, त्यात अतिउत्पादन सगळ्यात वाईट धरलं, कारण पुढच्या टेबलाला, म्हणजे कामाच्या पुढच्या टप्प्याला, लागायच्या आधी माल करून ठेवला की तो ठेवायला जागा, हलवायला माणूस, आणि त्यात खोट असेल तर ती कळेपर्यंत पाचशे नग तसेच तयार, सगळं त्याच्या मागनं येतं. इथं माल पुढं विकला गेला तरी ते अतिउत्पादनच, कारण मोजपट्टी गिऱ्हाईक नसून पुढचं टेबल आहे. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी मी बोर्ड केला होता, ‘अतिउत्पादन टाळा’. तो नेमका ‘उत्पादन वाढवा, देश घडवा’ या जुन्या बोर्डाच्या शेजारी लागला. कामगार दोन दिवस दोन्ही बोर्डांकडं बघून हसत होते, मग सुपरवायझर परत आला. ‘लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच’ असा नवा करून दिला, त्याचे मी पैसे घेतले नाहीत.

माणसांना हा शब्द लावतात तेही ऐकू येतं, ‘डीएडवाल्यांचं अतिउत्पादन झालंय’. टोमणा म्हणून चालून जातं, कागदावर मात्र नको. माणूस मागावर निघत नाही. ‘जागा कमी आणि उमेदवार जास्त’ म्हणा, आणि त्यातही जागा आधी.

घरात चेष्टेत मात्र खुशाल वापरा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत आमच्याकडं पाहुणे येणार म्हणून आई शेंगापोळ्या करायला बसते आणि साठ-सत्तर करून उठते, तेव्हा मी म्हणतो अतिउत्पादन झालं. आई म्हणते टिकतात त्या. कडक भाकरीचं तर तसंच, महिना महिना काही होत नाही तिला, चुरून दह्यात नाहीतर आमटीत घातली की झालं. आईचं म्हणणं बारकाईनं बघितलं तर बरोबर आहे, जो माल टिकतो तो जास्त झाला तरी लगेच अति होत नाही, तो शिल्लक असतो. म्हणून ज्वारीच्या बाबतीत आपल्याकडं हा शब्द फारसा ऐकू येत नाही, ती कणगीत जाते, आणि टोमॅटोच्या बाबतीत दर दोन वर्षांनी ऐकू येतो.

परवा मामा आला होता. आणखी दोन माग घ्यायचेत, अनुदानाचा अर्ज करायचाय. सगळं भरून झालं, शेवटी ‘योजनेचा लाभ घेण्याचे कारण’ असा रकाना होता. मी विचारलं, मामा, काय लिहू? म्हणाला उत्पादन वाढवायचंय म्हणून लिही. मी ‘उत्पादन वा’ पर्यंत आलो आणि मामानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला थांब, आधी मला वाचून दाखव, त्यात ‘अति’ कुठं नाही ना बे?